दाताच्या मुळासाठी तीन वर्षे

काही दिवसांपूर्वी या सदराकडे एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र चांगले चार पानी आहे आणि त्यात दोन प्रश्न आहेत. पहिला त्यांच्या स्वतःच्या दाढेचा. वरच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनल त्यांनी गावातच करून घेतले होते. वर्षभर बरे गेले. मग पुन्हा ठणका सुरू झाला, हिरडीवर पुळी आली. ‘आता ही पीडा काढूनच टाकू’ असे त्यांनी ठरवले होते. पण मुलुंडला राहणाऱ्या थोरल्या बहिणीने हट्टाने बोलावून घेतले आणि आपल्या नेहमीच्या दवाखान्यात नेले. तिथे दर गुरुवारी येणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तीच दाढ पुन्हा उघडली. आत चौथी नळी सापडली. पहिल्या खेपेला ती तशीच राहून गेली होती. दाढ आज तोंडात शाबूत आहे.

दुसरा प्रश्न मुलीचा. ती नुकतीच बी.डी.एस. झाली, इंटर्नशिपही संपली. आता तिला पुढे एम.डी.एस. करायचे आहे आणि तेही एंडोडॉन्टिक्स या विषयात. घरात मात्र एकमत नाही. वडील म्हणतात, दवाखाना टाकून देऊ. आजोबा विचारतात, एवढ्याशा दाताच्या मुळासाठी आणखी तीन वर्षे कशाला घालवायची?

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. शिकलेसवरलेले लोकही हाच प्रश्न विचारतात. आणि त्याचे उत्तर आईच्या दाढेतील त्या चौथ्या नळीत आहे, म्हणून आज या विषयाला पूर्ण सदर देत आहे.

आधी दाताचे थोडे सांगायला हवे. दात बाहेरून दगडासारखा दिसतो, पण आतून पोकळ असतो. या पोकळीत मऊ गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. पोकळीतून बारीक नळ्या मुळांत उतरतात आणि मुळाच्या टोकाशी जबड्याच्या हाडात उघडतात. कीड खोलवर गेली की जंतू या गरात शिरतात. गर सुजतो, आणि भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा नसते. रात्री आडवे झाल्यावर दाढ ठणकते ती याचमुळे. पुढे गर मरतो. ठणका थांबतो आणि आपल्याला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात जंतू नळीतून खाली उतरत असतात आणि मुळाच्या टोकाशी हाडात पू धरू लागतो. अशा वेळी लवंगाचे तेल लावून किंवा दुकानातून अँटिबायोटिकची पट्टी आणून काम भागत नाही. नळीतल्या मेलेल्या गरात रक्तच पोहोचत नाही, तर रक्तातून जाणारे औषध तिथे पोहोचणार कसे?

उपाय दोनच. दात काढणे, किंवा नळ्या आतून साफ करून, निर्जंतुक करून, भरून बंद करणे. हा दुसरा उपाय म्हणजेच रूट कॅनल. एंडोडॉन्टिक्स हे त्या शास्त्राचे नाव. ग्रीक भाषेत ‘एंडो’ म्हणजे आत आणि ‘ओडोंट’ म्हणजे दात. आपला ‘दंत’ आणि हा ‘ओडोंट’ एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत.

आता नळ्या किती? पुढच्या दातात बहुधा एक. उपदाढांत एक किंवा दोन. खालच्या पहिल्या दाढेत साधारणपणे तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन असतात, म्हणून नळ्याही तीनच असाव्यात असे वाटते. पण तिच्या गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नीट शोध घेतला तर निम्म्याहून अधिक दाढांत ही दुसरी नळी सापडते. तिचे तोंड सुईच्या टोकाएवढे असते आणि त्यावर बरेचदा दाताच्याच कठीण पदार्थाची पापणी आलेली असते. साध्या एक्स-रेमध्ये ती पुढच्या नळीच्या मागे लपते. म्हणजे ती आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच ती सापडते. पत्रलेखिकेच्या पहिल्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असे यावरून म्हणता येणार नाही. चांगल्या चांगल्यांच्या हातून ही नळी सुटते. पण एका सुटलेल्या नळीत उरलेले जंतू बाकीच्या तीन नळ्यांवरची मेहनत पाण्यात घालवतात, हेही तितकेच खरे.

घड्याळाच्या स्प्रिंगपासून सुरुवात

हे शास्त्र फार जुने नाही. १८३८ साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून नळी साफ करण्याचे पहिले हत्यार बनवले. १८६४ साली सॅनफोर्ड बार्नम याने दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवण्याची युक्ती काढली. थुंकी आणि तिच्यातले जंतू दातात जाऊ नयेत आणि हातातून निसटलेले हत्यार रुग्णाच्या घशात जाऊ नये, असे दोन्ही हेतू त्यातून साधतात. हा रबर डॅम आजही वापरतात. (वापरायला हवा, असे म्हणणे जास्त बरोबर. पुष्कळ ठिकाणी तो कपाटातच राहतो.)

मग १९१० च्या सुमारास एक उलटे वारे सुटले. विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरने असे मांडले की तोंडात दडलेल्या जंतूंमुळे शरीरभर नाना रोग होतात. झाले! संधिवात असो की पोटदुखी, दोष दाताचा. पुढची दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत गर मेलेले असंख्य दात उपटले गेले. या लाटेविरुद्ध जे मोजके लोक उभे राहिले त्यांत फिलाडेल्फियाचे डॉ. लुई ग्रॉसमन हे अग्रणी. १९४० साली त्यांनी रूट कॅनल उपचारांवर पाठ्यपुस्तक लिहिले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या भारतातील विद्यार्थी आजही वापरतात. अमेरिकेत १९४३ साली या विषयाची संघटना स्थापन झाली आणि १९६३ साली तिथल्या दंतवैद्यक संघटनेने ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य केली.

१९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड या तिघांनी केलेला एक प्रयोग मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्यांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले. एक नेहमीचे आणि दुसरे जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेले. दोन्हींच्या दाढांना भोक पाडून आतला गर उघडा केला आणि तसाच सोडून दिला. नेहमीच्या उंदरांचा गर मेला, मुळाशी पू झाला. जंतुविरहित उंदरांच्या दाढांत मात्र अन्नाचे कण अडकूनही गर जिवंत राहिला, इतकेच नव्हे तर त्याने स्वतःच नवी कठीण भिंत उभारून भोक बुजवले! दात मरतो तो जंतूंमुळे, ही गोष्ट त्या दिवशी पक्की झाली. तेव्हापासून या शाखेचे सारे शिक्षण एका वाक्याभोवती फिरते: जंतू बाहेर काढा आणि पुन्हा आत येऊ देऊ नका.

तीन वर्षांत काय शिकवतात?

बी.डी.एस. झालेल्या डॉक्टरांना रूट कॅनल करण्याचा पूर्ण अधिकार आहे, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. कॉलेजात ते शिकवले जाते, विद्यार्थी रुग्णांवर ते करतातही, आणि आपल्या गावोगावी होणारी सर्वसाधारण रूट कॅनल हेच डॉक्टर उत्तम रीतीने करतात. एम.डी.एस.ची गरज अवघड दातांसाठी आहे. पण दात अवघड आहे हे बाहेरून कपाळावर लिहिलेले नसते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एम.डी.एस.च्या एकूण नऊ शाखा आहेत. कोणी जबड्याच्या शस्त्रक्रिया शिकतो, कोणी वेडेवाकडे दात सरळ करणे, कोणी कवळी बसवणे. आपल्या विषयाचे पूर्ण नाव ‘कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री व एंडोडॉन्टिक्स’ असे आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे राखणारे. दात राखण्याचे शास्त्र, असे मराठीत म्हणता येईल.

प्रवेशासाठी नीट-एमडीएस ही देशपातळीवरील परीक्षा असते. अलीकडच्या वर्षांत तिच्यात २४० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरामागे एक गुण कापला जातो. एकेका महाविद्यालयात या शाखेच्या जागा थोड्या आणि मागणी मोठी. इंटर्नशिप करता करता अभ्यास करायचा, पहिल्या खेपेस जमले नाही तर एक वर्ष घरी बसून पुन्हा द्यायची, हे पुष्कळ मुलामुलींच्या वाट्याला येते. पत्रलेखिकेने ही गोष्ट हिशेबात धरावी.

प्रवेश मिळाला की पहिले काही महिने रुग्णाच्या तोंडात हात घालायला मिळत नाही. काम काढलेल्या दातांवर करायचे असते. म्हणून नवा विद्यार्थी आल्या आल्या काय करतो, तर दात गोळा करतो! दात काढण्याच्या विभागात चकरा मारतो, ओळखीच्या दवाखान्यांत बाटली ठेवून येतो. दाढ मिळाली, तीही किडून खिळखिळी न झालेली, तर त्याला सोने सापडल्याचा आनंद होतो. हे दात निर्जंतुक करून प्लॅस्टरच्या ठोकळ्यात बसवतात. त्यांना उघडायचे, नळ्या शोधायच्या, साफ करायच्या, भरायच्या, एक्स-रे काढायचा आणि मग दात उभा चिरून आपण कुठे चुकलो ते डोळ्यांनी पाहायचे. जिवंत रुग्णाच्या बाबतीत ही सोय नसते. आपली चूक उघडून पाहण्याची संधी याच काळात मिळते, म्हणून जुने प्राध्यापक या महिन्यांवर फार भर देतात.

हाताचे शिक्षण हे या शाखेचे मर्म आहे. नळी साफ करण्याच्या सुईसारख्या हत्याराला फाइल म्हणतात. दहा नंबरच्या फाइलचे टोक एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके असते. त्याहून बारीक आठ आणि सहा नंबरच्याही असतात. नंबर चटकन ओळखू यावा म्हणून मुठी रंगीत असतात: दहाची जांभळी, पंधराची पांढरी, वीसची पिवळी, पंचवीसची लाल. असे हत्यार वाकड्या नळीतून साधारण वीस मिलिमीटर खाली उतरवायचे आणि मुळाच्या टोकाच्या किंचित अलीकडे थांबायचे. टोकाबाहेर गेले तर हाडाला इजा आणि रुग्णाला वेदना. फार अलीकडे थांबले तर जंतू मागे राहतात. फार जोर केला तर फाइल आत मोडते, आणि मोडलेला तुकडा काढणे हे स्वतंत्रच दुखणे होऊन बसते. हे सारे घडते डोळ्यांआड. बोटाला जे जाणवते त्यावर विसंबून.

पूर्वी फक्त पोलादी फाइली होत्या. वाकड्या नळीत त्या सरळ होऊ पाहत आणि मुळाला भलतीकडे खड्डा पाडत. १९८८ साली निकेल-टायटॅनियम या लवचिक धातूच्या फाइलींवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोटरवर फिरणाऱ्या फाइली सर्वत्र आल्या. नळीची लांबी विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने मोजणारे यंत्र आले, सूक्ष्मदर्शक आला, दाताचे तिन्ही बाजूंनी चित्र देणारा स्कॅन आला. यंत्रांमुळे काम सोपे झाले आहे यात शंका नाही. पण मोटरवरची फाइलही मोडते, आणि कधी थांबायचे हे शेवटी बोटच सांगते.

नळी धुण्यासाठी वापरले जाणारे मुख्य औषध सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपडे शुभ्र करण्याचे जे ब्लीच मिळते त्याच जातीचे. ते मेलेला गर विरघळवते, जंतू मारते. मात्र मुळाबाहेर जोराने गेले तर काही मिनिटांत गाल टम्म सुजतो. एवढ्यासाठी पिचकारी कशी धरायची, दाब किती द्यायचा, याचाही सराव करावा लागतो.

पहिल्या वर्षाअखेर शरीररचना, जंतुशास्त्र, औषधशास्त्र वगैरे मूलभूत विषयांची परीक्षा असते. दंत परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीने ती पद्धत घातली आहे. एका विषयावर संशोधन करून प्रबंध लिहायचा, दर आठवड्याला चर्चासत्रात सर्वांसमोर उभे राहून बोलायचे, बी.डी.एस.च्या मुलांना शिकवायचे, हेही बरोबरीने चालू असते. आणि शेवटी विद्यापीठाची अंतिम परीक्षा. महाराष्ट्रात ती नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. १९९८ साली ते स्थापन झाले. अभिमत विद्यापीठांच्या परीक्षा मात्र त्यांच्या त्यांच्या असतात. लेखी पेपरांपेक्षा प्रात्यक्षिकाची धास्ती मोठी, कारण बाहेरगावचे परीक्षक शेजारी उभे असताना प्रत्यक्ष रुग्णावर काम करायचे असते. आणि हा रुग्ण विद्यार्थ्यानेच जमवायचा! योग्य दाढ असलेला, तोंड नीट उघडणारा, दोन तास न कंटाळता बसणारा आणि मुख्य म्हणजे ठरल्या वेळी हजर राहणारा. मुंबईत परीक्षेच्या दिवशी लोकल बंद पडली की रुग्णाआधी विद्यार्थ्याच्या छातीत कळ येते, असे एका प्राध्यापकांनी हसत हसत सांगितले होते.

अंधेरीचा मंगळवार, घाटकोपरचा बुधवार

मुंबईचा विषय निघालाच आहे, तर तो थोडा सविस्तर घेऊ, कारण आपल्याकडची मुले शिकायला आणि आपल्याकडचे रुग्ण उपचाराला तिकडेच जातात.

मुंबईतील दोन जुनी सार्वजनिक दंत महाविद्यालये, दोन्ही शहराच्या दक्षिण भागात. मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय हे १९३३ पासूनचे. दुसरे शासकीय दंत महाविद्यालय, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ. उपनगरांतील माणसाने सोय पाहावी तर अंधेरी, बोरिवलीकराने पश्चिम रेल्वेने नायर गाठावे आणि मुलुंड, घाटकोपरकराने मध्य रेल्वेने सीएसएमटी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, खेपा तीन-चार होतात, पण खर्च खाजगीच्या मानाने पुष्कळच कमी. एम.डी.एस.च्या विद्यार्थ्याच्या हातून काम होत असले तरी मागे शिक्षक उभे असतात, म्हणून ‘शिकाऊ’ म्हणून बिचकण्याचे कारण नाही. घाईही तिथे कमी असते. खाडीपलीकडे नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या भागांतही खाजगी व अभिमत विद्यापीठांची दंत महाविद्यालये आहेत.

शिकून बाहेर पडलेली ही मंडळी पुढे काय करतात, हे पाहायचे तर उपनगरांतील कोणत्याही स्टेशनरोडवर उभे राहावे. अंधेरी असो, बोरिवली असो, पहिल्या मजल्यावर दर चार पाट्यांमागे एक दातांच्या दवाखान्याची. यांतले बहुतेक दवाखाने बी.डी.एस. डॉक्टरांचे. त्यांच्याकडे अवघड रूट कॅनल आले की ते स्वतःच्या दवाखान्यात विशेषज्ञाला बोलावतात. असा विशेषज्ञ मंगळवारी अंधेरीत, बुधवारी घाटकोपरला, गुरुवारी मुलुंडला, शनिवारी बोरिवलीत. खांद्यावरच्या पिशवीत फाइलींचे डबे, मोटर, लांबी मोजण्याचे यंत्र, डोळ्याला लावायचे भिंग. स्वतःच्या नावाची पाटी कुठेच नाही. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला जायचे म्हणजे बसमध्ये रखडायचे नाहीतर दादरला गाडी बदलायची.

पत्रलेखिकेची गुरुवारची डॉक्टरीण ती हीच.

या पद्धतीचे फायदे उघड आहेत. उपनगरातल्या माणसाला घराजवळ, ओळखीच्या डॉक्टरांच्या खुर्चीत विशेषज्ञ मिळतो. तरुण डॉक्टरांना जागेच्या पागडीत न बुडता काम मिळते. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे रुग्ण त्या वाराची वाट पाहत तात्पुरते सिमेंट भरून बसतो, आणि मधल्या दिवशी दुखले तर विशेषज्ञ दुसऱ्याच उपनगरात असतो. दुसरी म्हणजे पुष्कळ रुग्णांना आपल्यावर उपचार कोणी केले त्यांचे नावही माहीत नसते. ते विचारण्यात काहीही गैर नाही. नाव विचारावे, पदवी विचारावे, आणि उपचारानंतरचा एक्स-रे मागून घ्यावा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे प्रत्येक दंतवैद्याची नोंदणी असते आणि एम.डी.एस. झाल्यावर त्या पदवीचीही नोंद होते. पाटीवर ‘रूट कॅनल केंद्र’ असे लिहिले म्हणजे आत त्या शाखेची पदवी आहेच, असे समजू नये.

मग विशेषज्ञाकडे कधी जावे? एकदा झालेले रूट कॅनल पुन्हा दुखू लागले तर. नळी बुजली आहे, मूळ फार वाकडे आहे किंवा आत हत्यार मोडले आहे असे आपल्या डॉक्टरांनी सांगितले तर. लहान मुलाचा पुढचा दात पडझडीत मार लागून काळा पडू लागला आणि त्याचे मूळ अजून पूर्ण वाढलेले नसेल तर. प्रामाणिक डॉक्टर स्वतःच तिकडे पाठवतात, आणि पाठवले म्हणून त्यांना काही येत नाही असे समजणाऱ्या रुग्णांची मला नेहमी चीड येते.

आणखी एक प्रसंग आहे, तो आपल्या भागात दुर्दैवाने वाढता आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे तोंडाचा कर्करोग झालेली माणसे परळच्या टाटा रुग्णालयात जातात. जबड्यावर किरणोपचार झाले की हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. त्यानंतर त्या भागातला दात उपटला तर जखम भरत नाही, हाड उघडे पडून कुजू लागण्याचा धोका असतो. म्हणून किरणोपचारांआधी दातांची तपासणी करून वाईट दात आधीच काढतात, आणि नंतर दात बिघडला तर होता होईल तो न काढता रूट कॅनल करून मुळासकट जागच्या जागी राखतात. तोंड दोन बोटेही उघडत नसलेल्या अशा रुग्णाच्या दाढेत ती दहा नंबरची फाइल उतरवायची, हे काम कोणाचे, याचा विचार आजोबांनी जरूर करावा. त्यांच्या वयाच्या माणसांना ही कहाणी ठाऊक असते.

आता मुलीबद्दल थोडे रोखठोक. शासकीय व महापालिकेच्या महाविद्यालयांत शुल्क बेताचे असते आणि विद्यावेतन मिळते. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगी ठिकाणी शुल्क वर्षाला लाखांच्या घरात जाते. कर्ज काढून तिथे जायचे असेल तर आधी एक गोष्ट तपासावी: त्या विभागात रोज रुग्ण किती येतात? सुंदर इमारत आणि रिकाम्या खुर्च्या असतील तर तीन वर्षांत हात बसणार नाही. तिथे शिकत असलेल्या दोन मुलींना गाठून विचारले की खरे कळते. सूक्ष्मदर्शक आहे का, आणि असला तर तो विद्यार्थ्यांच्या हाती येतो की काचेआड राहतो, हेही विचारावे.

दुसरे असे की पदवी हाती आल्याबरोबर पैसा वाहू लागतो अशी समजूत करून घेऊ नये. उपनगरांत या शाखेचे डॉक्टर आता इतके झाले आहेत की पहिली दोन-तीन वर्षे नुसत्या फिरतीत जातात. जिल्ह्याच्या गावी मात्र चित्र वेगळे आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी असा विशेषज्ञ शहरातून रविवारी येतो, नाहीतर रुग्णालाच मुलुंडच्या बहिणीकडे जावे लागते. मुलगी शिकून परत आली आणि आठवड्याचे सहाही दिवस तालुक्या-तालुक्यांतल्या दवाखान्यांत जाऊ लागली, तर तिला काम पुरून उरेल असे मला वाटते. बी.डी.एस. डॉक्टर तिला प्रतिस्पर्धी समजणार नाहीत, कारण ती त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांचेच रुग्ण पाहील. आणि लग्नाचे म्हणाल तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात लग्न करून पास झालेल्या मुली प्रत्येक तुकडीत असतात.

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे. दाढेवर कॅप अजून बसवलेली नाही, दिवाळीनंतर पाहू, असे त्यात लिहिले आहे. ताई, दिवाळीपर्यंत थांबू नका. रूट कॅनल झालेली दाढ पोकळ होऊन कमजोर झालेली असते. घट्ट भाकरीच्या एका तुकड्यानेही ती उभी चिरते, आणि उभी चिरलेली दाढ एम.डी.एस. झालेल्यालाही वाचवता येत नाही. शिवाय वरचे तात्पुरते सिमेंट झिजले की थुंकीबरोबर जंतू पुन्हा खाली उतरू लागतात. कॅप इथल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच बसवून घेता येईल, त्यासाठी मुलुंडला जाण्याची गरज नाही. फक्त गुरुवारच्या बाईंनी दिलेला शेवटचा एक्स-रे बरोबर न्या.